चुकीच्या तारेचा चरांगो

मित्रांनो, गिटारचा धाकटा भाऊ शोभेल असे दहा तारांचे एक वाद्य असते. त्याला चरांगो म्हणतात. तो मी.

त्या दिवशी इटलीतल्या जेनोआत, आपल्या स्वयंपाकघरात, माझा मालक ओत्तावियो शेंगा सोलायच्या सोडून मला छेडत बसला होता. समोर त्याची मुलगी नीवेस शाळेच्या वह्या तपासत होती.

"कसं वाटलं?" त्याने विचारले.

"नेहमीसारखंच," ती मान वर न करता म्हणाली.

मला ते अगदी पटले. दुसऱ्या सकाळी ओत्तावियो उठलाच नाही.

पटले, त्याला कारण आहे. बोलिव्हियात, अँडीजच्या डोंगरात, एका सुताराने मला अखंड लाकडातून कोरले. पुढे एका खलाशाने मला जेनोआच्या बंदरात ओत्तावियोला विकले. माझ्या तारा जोडीजोडीने असतात. मधल्या जोडीत एक जाड, एक बारीक. माझा खरा आवाज त्यातच. या शहाण्याला वाटले, खलाशाने भलतीच तार लावून फसवले. त्याने बारीक तार काढून दुसरी जाड लावली. चाळीस वर्षे तसेच वाजवले.

कधी समुद्र न ओलांडता हा अँडीजच्या बर्फावर गाणी रचायचा. ऑगस्टच्या भर उन्हाळ्यात पोंचो, म्हणजे तिकडची लोकरी घोंगडी, घालून, घामाने निथळत गायचा. तीन तबकड्या निघाल्या. माझ्या घोगरेपणाला वर्तमानपत्रांनी 'ओत्तावियोचा खास सूर' म्हटले. लाजेने माझे लाकूड तडकायचे बाकी होते. मग सभागृहे गेली आणि मासळीच्या जत्रा उरल्या. तिथे लोक तळलेल्या माशांकडे बघत टाळ्या वाजवत.

नीवेस संगीत शिकून आली आणि तिला चूक पहिल्याच दिवशी कळली. ती बोलली नाही. गाणे सुरू झाले की आपल्या खोलीचे दार लावून घेऊ लागली. तुच्छ कसे लेखावे, हे ती माझ्याकडूनच शिकली असे मी समजत होतो.

दफनानंतर आठवड्याने तिने मला म्हाताऱ्या एर्मेतेच्या दुकानात नेले. तो वाद्ये दुरुस्त करतो.

"अगं पोरी, चाळीस वर्षं ही तार?" तो हसला. "तुझा बाप गात होता की मासे विकत होता?"

त्याने पक्कड उचलली. मित्रांनो, जुन्या वाद्याला त्याच्या हक्काची तार द्या, एवढीच विनवणी मी तुम्हाला करणार होतो. पण नीवेसने त्या तारेवर बोट ठेवले.

"राहू द्या."

मग ती माझ्यावर वाकली.

"पापा, मी दार लावायचे ना, ते त्याला टेकून ऐकायला. तुझं गाणं संपेपर्यंत तिथून हलायचे नाही."