बिनकामाच्यांची पंगत

फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. केडगावला आमच्या बौद्ध घरात वडील एकच सांगायचे, वरून कुणी द्यायला येणार नाही, आपलं आपल्यालाच उभं राहायचं आहे. सुनीलशी लग्न करून मी सोनईजवळच्या या गावात, एका ख्रिस्ती घरात आले, तेव्हा देवाबिवाचं मला फारसं काही वाटलं नाही. खटकली ती त्यांची कृपा.

माझ्या सासूबाई भागिरथीबाई चर्चमध्ये रविवारची शाळा घेतात. मी त्यांना आत्या म्हणते. माणूस कितीही चांगला वागला तरी त्या वागण्याच्या जोरावर तो देवापुढे नीतिमान ठरत नाही, देवच त्याला कृपेनं तसं ठरवतो, आपण विश्वासानं ते घ्यायचं, असं त्या मुलांना शिकवत आणि मी मागे सतरंजीवर बसून ऐकत असे. गप्प बसणं काही माझ्या स्वभावात नाही. मग चांगलं वागायचं तरी कशाला, असं मी एकदा सगळ्या मुलांदेखत विचारून टाकलं. आत्या म्हणाल्या, पाळकसाहेबांना विचार. पाळकसाहेब म्हणाले, प्रश्न चांगला आहे, चहा घेणार का. उत्तर दोघांनीही दिलं नाही, चहा मात्र चांगला होता.

तेव्हापासून मी आत्यांवरच नजर ठेवून होते. कृपा शिकवणाऱ्या या बाईनं कुणाचं काही फुकट घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. शेजारून भाजीची वाटी आली तर परत जाताना त्यात लाडू असायचा. मी त्यांचे पाय दाबायला बसले, तर त्या आधी माझ्या डोक्याला तेल लावून द्यायच्या. हे कोडं मला काही सुटत नव्हतं.

नाताळच्या प्रीतिभोजनाला तर त्यांचं राज्यच असे. उपासना सुटली की सगळी मंडळी चर्चच्या आवारात एकत्र जेवते. बोकडाचं मटण, भात, चपात्या. मसाल्यापासून वाढण्यापर्यंत सगळं आत्यांच्या हुकमानं चाले, आणि नियमही त्यांचाच होता. ज्यांनी काम केलं त्यांची पंगत पहिली. जे नुसते येऊन बसले त्यांची शेवटची. हा नियम मोडायची कुणाची छाती नव्हती.

शेवटच्या पंगतीचे मानकरी म्हणजे बिभीषणकाका, माझ्या वारलेल्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. ख्रिस्ती घरात बिभीषण कसा, हेही मी विचारून घेतलं होतं. त्यांच्या आजोबांना नाव आवडलं म्हणून ठेवलं, बाकी काही नाही. काका दिवसभर टपरीवर बसायचे, लहर लागली तर उसाच्या ट्रॅक्टरवर जायचे आणि संध्याकाळी थोडी घ्यायचे. काम सांगितलं की त्यांची कंबर धरायची. चर्चला वर्षातून एकदाच यायचे, नाताळला.

यंदा डिसेंबरात कांद्याच्या लागणीत आत्या बांधावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. सोनईच्या डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. या वयात बोटं पूर्वीसारखी वळतीलच असं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. 

नाताळला त्या उपासनेला आल्या, पण उपासना सुटताच कुणाला न सांगता घरी निघून गेल्या. मी आवारात चपात्या लाटत होते, तो पोळपाट तसाच टाकून त्यांच्यामागे गेले. पाहते तर बाई ओट्याशी उभ्या राहून प्लास्टरनं लसणाचा गड्डा दाबून धरताहेत आणि डाव्या हातानं पाकळ्या सोलताहेत. चारदोन सोलल्या होत्या, बाकीचा चेंदा झाला होता. हा लसूण घेऊन जा आणि माझ्याकडून म्हणून सांग, असं त्या मला म्हणाल्या. मटण केव्हाच शिजलंय, आता लसूण कुठे घालायचा, असं मी विचारलं.

"मंग मी येत न्हाई. हातानं काई केलं न्हाई, आन् ताटावर जाऊन बसू? मी काय बिभीषण हाय?"

माझं डोकं फिरलं. दर रविवारी मुलांना काय सांगता, ते आठवा जरा, असं मी तोंडावर बोलले.

"ते देवाचं झालं," आत्या म्हणाल्या. "ही मंडळी हाय."

मग त्या खाली बसल्या. आवाज एकदम बारीक झाला. "हात असाच राहिला तर मी तितं कोन गं? कुनाला कशाला लागंन मी?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.  उभं राहता आलं नाही तर माणसानं काय करायचं, हे मी वडिलांना कधी विचारलंच नव्हतं. 

तेवढ्यात बिभीषणकाका दारात आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. भागिरथीबाई आल्याशिवाय पहिली पंगत बसायला तयार नव्हती, आणि बाकी सगळे कामात असल्यामुळे जो रिकामा होता त्याला बोलवायला धाडलं होतं. उठा वैनी, सगळी खोळंबलीत, असं ते म्हणाले. आत्यांनी मान फिरवली आणि आपण यंदा काहीच काम केलेलं नाही, असं भिंतीला सांगितलं.

काका चौकटीला टेकले. "मंग माझ्यासंगं बसा शेवटच्या पंगतीला. काम न करता कसं जेवायचं, ते मला ठाऊक हाय. अवघड न्हाई. फकस्त लाज वाटती. पहिल्या घासाला जाती ती."

आता आत्या फाडकन बोलणार, असं मला वाटलं. पण त्यांनी काकांकडे वळून विचारलं.

"दरसाली वाटती?"

"दरसाली."

या माणसाला लाज नाही, असं मी आजवर धरून चालले होते. आत्यांनीही तेच धरलं असावं. त्यांनी डाव्या हातानं पदर सावरला आणि त्या काकांच्या मागून निघाल्या.

आवारात बायकांनी त्यांना पहिल्या पंगतीला ओढायला पाहिलं. आत्या ऐकेनात, नियम म्हणजे नियम. मग दोघं भिंतीच्या सावलीत बसून दुसऱ्यांचं जेवण बघत राहिली. शेवटी त्यांची पंगत बसली. मी वाढत होते. तोवर चपात्या वातड झाल्या होत्या आणि रस्सा पातळ. दरवर्षी असंच उरतं का, असं आत्यांनी काकांना विचारलं. काकांनी मान हलवली. इथून वाढणाऱ्यांचे नुसते पाय दिसतात, असंही त्या मला म्हणाल्या. हे त्यांना नवीनच होतं.

डाव्या हातानं चपाती तुटेना. मी वाकले, पण काकांनी आधीच आपल्या ताटात चपाती मोडून रश्श्यात कुस्करली होती. त्यांनी घास करून आत्यांच्या तोंडापुढे धरला. आत्यांनी ओठ घट्ट मिटले. 

"बिभीषण," त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या ताटात मी मुद्दाम हाडकंच टाकत हुते."

"ठाऊक हाय," काका म्हणाले. "तरी तुमच्या हातचं हुतं. म्हनून येत हुतो."

हात तसाच पुढे होता. रस्सा मनगटावरून ओघळून इस्त्रीच्या बाहीत शिरत होता. काकांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

आत्यांनी तोंड उघडलं. घास खाताना त्या रडत होत्या, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.  काका आपल्या ताटाकडे वळून जेवायला लागले.  तेव्हा आत्यांनी डाव्या हातानं काकांच्या गुडघ्यावर टकटक केलं.

"आनखी दे," त्या म्हणाल्या.