न विझणारा दिवा

आमच्या टेकडीवरच्या गावात येणारे पाहुणे म्हणतात, इथे वेळ थांबलाय. आम्ही मान डोलावतो. त्याने वाइनची एखादी बाटली जास्त खपते. पण निम्मं गाव त्यांना दिसतच नाही. प्रत्येक घराखाली मऊ दगडात कोरलेलं तळघर आहे आणि ऑक्टोबरात तिथे द्राक्षं फसफसत असतात. त्यातून निघणारी हवा पाण्यासारखी तळाशी साचते आणि माणसाला मुकाट्याने झोपवते, कायमचं. म्हणून उतरताना मेणबत्ती गुडघ्यापाशी धरायची. विझली की वाद न घालता मागे फिरायचं.

माझा मेहुणा ओत्तोरिनो मात्र सुधारक निघाला. त्याने कपाळाला बांधायचा बॅटरीचा दिवा आणला.

"दाजी, हा विझतच नाही!"

मी काय म्हणावं? मी म्हणालो, "मलाही एक आण."

मंगळवारी दुपारी तो पिंपात वर आलेल्या साली खाली दाबायला उतरला. घेवड्याचं सूप वाढून झालं तरी वर येईना. हाका मारल्या, उत्तर नाही. जिन्याच्या तोंडाशी जाऊन वाकलो. खाली उजेड होता. हलत नव्हता.

माझ्या बायकोने, फोस्काने, पेटती मेणबत्ती माझ्या हातात दिली. विसाव्या पायरीवर ज्योत वाकली आणि गेली. खाली त्याचे बूट दिसत होते. टाचा वर.

"मागे फिर, सेत्तिमिओ!"

"अगं, तुझा भाऊ आहे तो!"

"माहितीय! एकाच दिवशी दोन मढी नकोत मला. फिर!"

तळघराला खालच्या अंगाला, तटाखालच्या रस्त्यावर दुसरं दार आहे. द्राक्षं आंबत असताना गारवा शिरू नये म्हणून त्याच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या असतात. फोस्काने किल्ली घेतली आणि आम्ही उतारावरून धावत सुटलो. वाटेत एका पाहुण्या बाईंनी फोटोसाठी जरा थांबायला सांगितलं. फोस्काने दिलेलं उत्तर त्यांना आमच्याकडचं स्वागत वाटलं असावं. त्या गोड हसल्या.

दार ओढून उघडलं. ओत्तोरिनो दारापासून चार हात आत पडला होता. मी आत घुसणार तोच फोस्काने कॉलर धरली.

"थांब. ती हवा वाहून जाऊ दे."

तिने उंबऱ्यावर मेणबत्ती पेटवली. विझली. पुन्हा पेटवली. पुन्हा विझली. तेवढ्या वेळात मी त्याचं थडगं निवडलं आणि गेल्या तीस वर्षांतली आमची सगळी भांडणं त्याला जिंकू दिली.

तिसऱ्यांदा ज्योत तगली. मी श्वास रोखून आत गेलो, दोन्ही घोटे धरले आणि त्याला फरफटत रस्त्यावर आणलं. चेहरा जांभळा. फोस्काने त्याच्या मुस्कटात दोन ठेवून दिल्या. तिसरीला तो खोकला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"सूप गार झालं," फोस्का म्हणाली आणि मटकन रस्त्यावर बसली.

"दाजी, पाय सोडा ना."

मला सोडायचेच होते. बोटं उघडेनात.