पूर्ण बाह्या

शिंपीणबाईंनी घेतलेलं माप कधी चुकत नाही, असं अख्खी गल्ली म्हणायची. चुकलं ते पोटच्या पोरीचं. भर उन्हाळ्यात थोरलीनं पूर्ण बाह्यांचे शर्ट मागितले, तर ही बाई हरखली! "माझी पोर बघा किती साधी," असं गिऱ्हाइकांना सांगत सुटली आणि जुन्या शर्टावरून माप काढून चार शर्ट शिवून मोकळी झाली. पोरीच्या हाताला टेप लावायला सवड कुणाला होती? नवरा परगावी नोकरीला, धाकटी शाळेत आणि मशीन सकाळपासून चालू.

काल कॉलेजच्या समुपदेशक मॅडमनी बोलावून घेतलं, तेव्हा बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. मनातलं सोसेनासं झालं की थोरली स्वतःला इजा करून घेते. वर्ष झालं याला.

"नाटकं नाहीत ही," मॅडम म्हणाल्या. "तशी ऊर्मी येते, थोड्या वेळानं ओसरते. तेवढा वेळ तिला एकटं सोडू नका. तसं वाटलं की आईजवळ जाईन, असं कबूल केलंय तिनं. आली तर फैलावर घेऊ नका. नुसतं जवळ बसा."

आज दुपारी थोरली आली. दारात उभी राहिली. शिंपीणबाईंनी मान वर न करताच म्हटलं, "थांब गं, एवढी शिवण होऊ दे."

जळली मेली सवय! वीतभर शिवण संपवून बघतात, तर दारात कुणी नाही. कापड तसंच टाकून त्या धावल्या. खोलीला आतून कडी.

"आले गं मी," त्या दाराशी फतकल मारून बसल्या. "चुकलं माझं. ऐकतेयस ना?"

बाईंचा जीव टांगणीला लागला. कपाळ दाराला टेकवून त्या रडायलाच लागल्या. "बाळा, दार तेवढं उघड. मी काही म्हणजे काही विचारणार नाही!"

कडी निघाली. थोरलीचे डोळे लाल झाले होते, पण आज तिनं स्वतःला काही केलं नव्हतं. बाईंनी हात धरून तिला शेजारी बसवलं.

"विचार की गं," थोरली म्हणाली. "एकदा तरी विचार."

शिंपीणबाईंनी तोंड उघडलं. दिवसभर गिऱ्हाइकांशी अखंड बडबडणारी बाई ती. पण पोरीला काय विचारायचं असतं, तेच तिला सुचेना.