तांबोशी ओळखणारे चन्नाप्पा

शाहूपुरीतले आमचे शेजारी चन्नाप्पा जन्माचे शाकाहारी. मुलगा श्रीशैल मस्कतला. सुट्टीच्या दिवशी तिथल्या धक्क्यावर गळ टाकून बसतो आणि तिथूनच फोन करतो. "बरं हाय?" "हाय." तेवढ्यावर बोलणं संपायचं, मग चन्नाप्पा बंद फोनकडं बघत बसायचे.

गेला महिनाभर ते नाकाला रुमाल लावून मासळी बाजारात हिंडत होते. गल्लीनं काढायचे ते अर्थ काढले; मीही काढला.

काल फोन आला तेव्हा मी चन्नाप्पांच्या घरीच होतो. श्रीशैलनं व्हिडिओ कॉलवर लालसर मासा दाखवला.

"तोंड उघड बघू त्याचं," चन्नाप्पा म्हणाले. "सुळं हाईत की. तांबोशी हाय."

"आप्पा, मासं खायला लागलाय व्हय?"

"खातोय कुठलं. तुझ्याशी बोलाय कायतरी नको?"

श्रीशैलनं मासा बादलीत ठेवला. गळ पुन्हा टाकला नाही.

"अजून कुठलं ओळखता?" त्यानं विचारलं.