तीस फुटांवरची चादर

मैदानावर 'सर' आणि घरात 'आजोबा', हा नियम म्हाताऱ्यानंच घालून दिला होता, आणि नात तो तीन वर्षं निमूटपणे पाळत आली होती. म्हाताऱ्याच्या सॉफ्टबॉल संघातल्या मुली तिला मुंगी म्हणत. अंगानं एवढीशी, पण हातात बॅट आली की कडकडून चावणारी.

यंदा सामना उंटिणीच्या संघाशी होता. उंटीण म्हणजे त्यांची पिचर, बॉल टाकणारी. वय चौदा, उंची ताडमाड. हात गरकन फिरवून कमरेजवळून बॉल सोडायची, आणि तो दिसेपर्यंत मागच्या मुलीच्या ग्लव्हमध्ये जाऊन बसलेला असायचा. क्रीडा वसतिगृहाची निवड करणारी माणसं हाच सामना बघायला येणार होती. मुंगीला तिथं जागा मिळालेली डोळ्यांदेखत बघावी, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा उरली होती. डॉक्टरांनी पुढच्या हंगामाची खात्री दिली नव्हती. हे त्याला ठाऊक होतं आणि त्याच्या मुलीला, मुंगीच्या आईला.

एवढा वेगवान बॉल टाकणारं संघात कुणी नव्हतं. मग म्हाताऱ्यानं डोकं चालवलं. पिचरची चाळीस फुटांची रेघ सोडून तो रोज थोडा थोडा पुढं सरकत गेला आणि तीस फुटांवर येऊन थांबला. बॉल त्याच्याच ताकदीचा, पण वाट आखूड. मुलींना विचार करायला सवडच मिळेना.

"बॅट आधी हलू द्या गं! बॉल दिसल्यावर मुहूर्त काढत बसलात तर तो घरी जाऊन जेवून येईल."

तिसऱ्या आठवड्यात एकीनं मारलेला बॉल उलटा येऊन त्याच्या बरगडीवर बसला. त्याची मुलगी नर्स होती. तिच्यापासून काय लपणार?

"बाबा, आडोशाशिवाय आता एकही बॉल टाकायचा नाही. नाहीतर मीच येऊन बसेन मैदानावर."

"बस की. तेवढाच एक प्रेक्षक."

"चेष्टा नकोय मला."

जाळी होती, पण फाटकी. मुलीनं कपाटातली निळ्या फुलांची जुनी चादर काढून दिली. ती जाळीवर बांधून, खाली बॉलपुरती फट ठेवून, म्हातारा तिच्याआडून टाकू लागला. दर बॉलमागे त्याच्या छातीतून 'हंऽ' असा आवाज निघायचा. तीस वर्षं कारखान्यात लोखंड घासून खंगलेल्या छातीला त्याशिवाय जोर लावता येत नव्हता. मुली त्याची नक्कल करून खिदळायच्या. आणि नवल म्हणजे, चादर आल्यापासून बॅट बॉलवर अशी बसू लागली की बस्स. "चादरीचा पायगुण!" म्हातारा मुलीला म्हणाला.

सामन्यात मात्र सगळ्या उशिरा. पहिली गेली, दुसरी गेली, मुंगीही हात हलवत परत आली. म्हातारा बाकावर पुढं वाकून बघत राहिला. पाचवी मुलगी उभी राहिली तेव्हा त्याला दिसलं, की तिची मान किंचित कलली आहे. ती बघत नव्हती, ऐकत होती. चादरीनं त्याचा हात झाकला होता आणि मुलींसाठी फक्त तो 'हंऽ' उरला होता. उंटीण तर तोंड मिटून बॉल टाकत होती.

सांगायचा प्रयत्न केला त्यानं. "हात बघा, हात!" पण चादरीआडची सहा आठवड्यांची सवय दोन शब्दांनी कुठली मोडायला?

शेवटची पाळी मुंगीची. दोन बॉल हुकलेले, तिसरा हुकला की बाद. उंटिणीचा हात वर गेला. आता बाकावरून आपण 'हंऽ' केलं तर पोरगी वेळेवर फिरवेल, हे त्याला लख्ख कळलं. त्यानं श्वास भरूनही घेतला. पण आज आवाज देऊ. वसतिगृहात कोण देणार? पुढच्या वर्षी कोण? श्वास छातीतच राहिला. ग्लव्हमध्ये बॉल वाजला.

मुंगी बॅट ओढत त्याच्यासमोर आली. "सर, आवाज का नाही दिलात? मी थांबले होते."

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच. चादरीमागं दुसरं होतंच काय? आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दामच शिकवताय तसं."

निवडीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. त्या एका श्वासानं आपण पोरीचं भलं केलं की वाटोळं, हे म्हाताऱ्याला ठरवता येईना. तो जेवायचा, पेपर उघडायचा, आणि तेच ते मनात घोळवत बसायचा.

रविवारी त्यानं चादर सोडली, घडी केली आणि बाकावर ठेवली. शेजारी मुलगी येऊन बसली होती. तिनं ती घडी उचलून मांडीवर घेतली.

"फक्त हात बघ," तो मुंगीला म्हणाला आणि ओठ घट्ट मिटून बॉल टाकला. तो अर्ध्यातच टप्पा खाऊन पडला. दुसराही. तिसराही.

"सर, करा ना आवाज. त्याशिवाय तुमचा येत नाही."

त्यानं नकारार्थी मान हलवली. चौथा कसाबसा पोचला, अगदी हळू. मुंगी हातावर नजर ठेवून थांबली, थांबली आणि मग तिनं तो असा मारला, की कुंपणापलीकडे गेला.

म्हातारा गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता. शाबासकी द्यायलाही दम उरला नव्हता. आता पुरे, असं सांगायला त्यानं हात वर केला.

मुंगीची नजर त्या हातावरच होती. तिनं पुढच्या बॉलसाठी बॅट सावरली, आणि तिची आई बाकावरून उठून म्हाताऱ्याकडे धावली.