डोलीचा चौथा खांदा

पाठीच्या ऑपरेशनला आठ महिने झाले तरी आमच्या ह्यांचं बूड एका जागी टेकत नव्हतं. उठायचे, लेण्याद्रीच्या पायऱ्यांकडे बघायचे, परत बसायचे. डोलीच्या चार खांद्यांपैकी एक ह्यांचा. चौघंही एका उंचीचे, बारा वर्षांची जोडणी. बदली माणूस घेतला की डोली कलते आणि वर बसलेली म्हातारी गणपतीआधी डोलीवाल्यांनाच हात जोडते.

अंगारकीच्या दोन दिवस आधी पुण्याला दाखवायला गेलो. एमआरआय तेव्हा तिकडेच व्हायचा. डॉक्टरांनी ऑपरेशनआधीचा एमआरआयचा फोटो आणि वाकवून काढलेले एक्स-रे दिव्याच्या पेटीवर लावले. "मणक्यांमधल्या गादीची उंची टिकून आहे. वाकताना हालचालही भरपूर आहे," ते म्हणाले. एवढं ऐकून आमचे हे उठलेच! डोलीवाल्याची पाठ लवचीक म्हणजे माणूस खणखणीत, हाच ह्यांचा हिशेब. चपला घालून बाहेर.

मी बसून राहिले, म्हणून पुढचं मला कळलं.

"ताई, गादी बसकी, आखडलेली असती तर मला काळजी कमी होती. अशी उंच, हलणारी गादीच पुन्हा सरकायची भीती जास्त. होईलच असं नाही, पण ओझं नकोच. पायातली ताकद गेली तर परत येईल याचा भरवसा नाही."

एसटीत नारायणगावपर्यंत मी हेच सांगत होते.

"चांगलं हाये ते वाईट कसं व्हईल? काईबी बोलती," हे खिडकीबाहेर बघत म्हणाले. मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली.

अंगारकीच्या सकाळी ह्यांचं अंथरूण रिकामं. धावत पायथ्याशी गेले. चौघं दांड्यांशी उभे, ह्यांच्या खांद्यावर पंच्याची घडी. मी सरळ जाऊन डोलीत बसले. रांगेतले लोक आणि डोलीवालेही हसायला लागले.

"उतर! येडी झालीस का?"

"उचला. पाठ गेली तर मीबी तुमच्यासंगं पायऱ्यांवरनं खाली. मंग कुणी कुणाचं करायला नको."

ह्यांचा जोडीदार भरत हसायचा थांबला. "चिमाजी, डॉक्टर काय म्हणला? खरं सांग, राव."

ह्यांनी खांद्यावरची घडी काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. बारा वर्षांत त्या पंच्याला कुणाला हात लावू दिला नव्हता.

मी उतरले. गिऱ्हाईक बसलं, बदली खांदा लागला, डोली निघाली ती कलतच. ती वळणाआड जाईपर्यंत हे खालून ओरडत राहिले, "डावी उचला! अरं, डावी उचला!"