कोंडवाड्यातलं गवत

इंदिराबाईंनी उभी हयात गवत रंगवलं. लग्न होऊन त्या धारला आल्या, तेव्हा त्यांचे यजमान बळवंतराव दरबाराच्या राखीव कुरणांचे अंमलदार होते. फिरतीवर ते बाईंनाही सोबत नेत. ते घोड्यावरून हद्द बघायला गेले की बाई तंबूच्या सावलीत रंगांची पेटी उघडून बसत. श्रावणातलं ओलं मारवेल, कार्तिकात लाल पडलेली कुसळी, गवतातून उसळी घेणारा खरमोर पक्षी. पाती इतकी बारीक काढत की कागदावर फुंकर घातली तर हलतील असं वाटे.

पुढे संस्थानं विलीन झाली आणि बळवंतराव घरी बसले. चौपन्न साली धारच्या काही मंडळींनी बाईंना गळ घातली की चित्रं शहरात मांडा. बाई म्हणाल्या, "मांडते. पण राजगढकडे, लिंबखेडीला मांडते. हे गवत तिथलं आहे. तिथल्या लोकांनी ते आधी पाहावं."

लिंबखेडीत दगडी भिंतींची, पक्क्या छपराची मोठी जागा एकच होती, ती म्हणजे जुना कोंडवाडा. विलीनीकरणानंतर तो बंदच पडला होता. सरपंच शालिग्राम यांनी तो झाडून दिला, चुना मारून दिला. गव्हाणींच्या वर दोऱ्या ताणून बाईंनी स्वतः चित्रं लावली. उंचावरच्या झरोक्यांतून ऊन उतरायचं आणि भिंतीवरची कुरणं पिवळीधमक व्हायची. स्वतः शालिग्रामही दाराशी थबकले. "बाईसाहेब, ह्या जागेत कधी उजेड होता असं आठवतच नाही," ते म्हणाले.

पण गाव काही आलं नाही. बायका पाण्याला जाताना दुरूनच बघत आणि पदर सावरून पुढे जात. दुसऱ्या दिवशीही तेच. बळवंतराव बाहेर बाजेवर बसून चिडले. "ह्या लोकांना काय कळणार चित्रं! उगाच धार सोडून आलात तुम्ही."

समोर कडुलिंबाखाली एक म्हातारी मघापासून उभी होती, तिच्याकडे बाई चालत गेल्या. भवानीबाई तिचं नाव. तिचा आजेसासरा मराठ्यांच्या फौजेबरोबर घोडे सांभाळणारा मोतद्दार म्हणून आलेला. तिच्या बोलण्यात मराठी आणि माळवी एकमेकांत मिसळून गेली होती.

"आत या ना," बाई म्हणाल्या.

"नी आऊं, बाईसाहेब. त्या फाटकातून म्हारी धौळी आत गेली ती परत नी आई."

धौळी तिची गाय. संस्थानाच्या काळात एका दुष्काळी उन्हाळ्यात राखीव कुरणात शिरली म्हणून शिपायांनी तिला हाकत आणून इथं कोंडली. भवानीबाईचा नवरा तेव्हा तापानं फणफणत होता. त्याला सोडून ती येऊ शकली नाही, आणि आली तेव्हा गाय गव्हाणीशी आडवी पडलेली होती. गव्हाण कोरडी होती.

"कोणाच्या हुकमानं कोंडली?" इंदिराबाईंनी विचारलं.

भवानीबाईनं बाजेकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. बाई काय ते समजल्या. ज्या गवताची त्यांनी इतक्या मायेनं चित्रं काढली, ते गवत खाल्लं म्हणून ती गाय मेली होती.

त्या परत आल्या आणि यजमानांना सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण काही वगळलंही नाही. बळवंतरावांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. "हुकूम सरसकट होता," ते म्हणाले. "कोणाची गाय, कुठली, आम्ही कधी विचारलं नाही." मग उठले. सुताराकडून पहार मागवली आणि ह्या वयात, धोतराचा काचा मारून, फाटकाच्या बिजागऱ्या स्वतः उखडायला लागले. शालिग्राम धावत आले. "रावसाहेब, राहू द्या, माणसं आहेत!" बळवंतरावांनी मान हलवली. फाटक धाडकन पडलं, त्याचा आवाज गावभर गेला.

त्यांनी भवानीबाईपुढे जाऊन हात जोडले. "बाई, चूक माझी होती. आत या, किंवा येऊ नका. पण आता हे फाटक कोणाला कोंडणार नाही."

भवानीबाई आत आली. एकेका चित्रापुढे थांबली. मारवेलाच्या चित्रावर तिनं अलगद बोट ठेवलं आणि म्हणाली, "चोखं गवत. धौळी ह्याच्यासाठीच पळायची." मग चहूकडे पाहून तिनं विचारलं, "इतकं गवत काढलं, बाईसाहेब, तर खाणारं कोणी नाही काढलं?"

इंदिराबाईंनी कागद घेतलाच नाही. गेरू, काजळ आणि खडूची भुकटी मागवली आणि कोऱ्या भिंतीशी उभ्या राहिल्या. "सांगा, कशी होती?"

"शिंग डावं जरा खाली. नाही, इतकं नाही. हां. कान मोठे. डोळ्यापाशी काळा डाग."

बाई काढत होत्या, भवानीबाई चुकलेलं हातानं पुसत होती, बाई पुन्हा काढत होत्या. फाटक पडल्याचा आवाज ऐकून आलेली माणसं आधी उंबऱ्याशी, मग आत, मग थेट भिंतीपाशी आली. कोणी म्हणालं शेपटी आखूड झाली, कोणी म्हणालं धौळी अशी मान वळवून बघायची. बाई प्रत्येकाचं ऐकून घेत. संध्याकाळ व्हायच्या आत गाय भिंतीवर उभी राहिली, गुडघाभर गवतात, तोंडात मारवेलाची काडी. भवानीबाई तिच्यापुढे जमिनीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. इंदिराबाई तिच्या शेजारी बसून राहिल्या. दोघींचे हात गेरूनं माखलेले.

चार दिवसांसाठी आलेल्या बाई दिवाळीपर्यंत राहिल्या. प्रत्येक घराला आपलं जनावर त्या भिंतीवर हवं होतं. आंधळा बैल, जुळी करडं, सापानं डसलेली म्हैस. बळवंतराव चुना कालवून द्यायचे. दिवाळीत गावच्या बायकांनी कोंडवाड्याच्या ओट्यावर रांगोळीसारखे गेरू-खडूचे मांडणे काढले आणि पहिल्यांदा तिथं पणती लागली. पंचायतीनं ती वास्तू तशीच ठेवायचं ठरवलं.

धारला परतल्यावर लोक बाईंना विचारत, तुमचं सर्वांत चांगलं चित्र कोणतं? बाई सांगत, "ते इथं नाही. लिंबखेडीला जावं लागेल." काही जण मोटारीनं राजगढपर्यंत जाऊन पुढे खरंच पायी गेले. परत आल्यावर त्यांतला एक जण एवढंच म्हणाला, की एक म्हातारी तिथं सगळ्या जनावरांची नावं सांगते, आणि ती सगळी ऐकल्याशिवाय कोणाला जाऊ देत नाही.